हात थांबला पाहिजे

नवा अंक छापखान्यातून आला की नफीसा आपा तो मागच्या बाजूनं उघडायच्या. मुखपृष्ठ नाही, अनुक्रमणिका नाही, स्वतःचं संपादकीय तर नाहीच. थेट शेवटचं पान, जिथे चौकटीत 'पुढील अंकात' असं छापलेलं असायचं. ती चौकट त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच दोनदा तपासलेली, आणि तरी कुणीतरी भलत्यानंच ही आनंदाची बातमी कळवल्यासारखी त्या ती वाचायच्या. मग चष्मा कपाळावर चढवून आमच्याकडे बघत सांगायच्या, की पुढच्या वेळी धमाल आहे. हातातल्या अंकाची शाई अजून बोटांना लागत असायची. मी एकदा वैतागून म्हटलं, की आपा, हा तरी आधी वाचू द्या. तर म्हणाल्या, "हा आला गं. आला म्हणजे झाला. माणसाला वाट बघायला काहीतरी पाहिजे."

'उलटपावली' हे त्या अंकाचं नाव. भुतांची पावलं उलटी असतात म्हणून भयकथांना ते चालायचं, आणि काळात मागे जाणारे लोक म्हणून विज्ञानकथांनाही. अद्भुतकथांना काय, काहीही चालतं. पनवेलमध्ये उरण नाक्याच्या अलीकडे आमची जुनी चार मजली इमारत होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतून हे त्रैमासिक निघायचं. संपादक आपा, व्यवस्थापक आपा, गठ्ठे बांधून टपालात टाकणाऱ्याही आपाच. मुद्रितं तपासायला मी. मी विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेली बाई. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि घाबरते मात्र पुष्कळ.

आपा आता नाहीत. मस्कतला लेकाकडे असताना गेल्या, झोपेतच, फार त्रास न होता. हे लिहिताना आवाजात थोडं गांभीर्य आणायला हवं हे मला कळतं, पण जमत नाही. आपा आठवल्या की आधी आठवते ती त्यांची घाई. जिन्यावरून येताना पायरी सुटायची, बोलताना वाक्य सुटायचं, चहा ओतताना कप सुटायचा. कारण डोक्यात नवीन कथा आलेली असायची आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. भाजीवाला, रिक्षावाला, दाढ काढायला गेल्या तर दाढेचा डॉक्टर, कुणीही चालायचं. त्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की भूल चढेपर्यंत बाई शुक्रावरच्या पावसाबद्दल बोलत होत्या आणि शेवट सांगायच्या आत जीभ बधिर झाली. ते बिचारे आठवडाभर शेवटाची वाट बघत होते.

मी त्या इमारतीत राहायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच वरच्या मजल्यावरून दुपारी एका बाईचा आवाज येऊ लागला. शाळेतल्या बाईंचा असतो तसा, मागच्या बाकापर्यंत पोचणारा, स्वच्छ आवाज. शब्द कळायचे नाहीत. मध्येच तो थांबायचा, मग बराच वेळ शांतता, मग कुणीतरी "अगो बाय" म्हणायचं. मला दुपारी झोप लागते, आणि ती मोडली की मी कुणाचीच राहत नाही. दोन-तीन दिवस सहन केलं आणि एका दुपारी तरातरा वर गेले.

दार उघडंच होतं. आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढ्यात भिजवून मोड काढलेल्या वालांची परात. मधोमध खुर्चीवर डोक्यावरून पांढरी ओढणी घेतलेल्या ठेंगण्या बाई हातातले कागद वाचत होत्या. त्यांनी मला पाहिलं, वाचणं न थांबवता हातानंच बसायची खूण केली, आणि कुणीतरी माझ्यापुढे परात सरकवली. तक्रार करायला गेलेली मी वाल सोलू लागले. गोष्टीत एक माणूस स्वतःच्या घरी फोन लावतो आणि पलीकडून त्याचाच आवाज सांगतो, की साहेब घरी आहेत, झोपलेत, उठवू का? माझ्या हातातला वाल हातातच राहिला. बाईंनी चष्म्यावरून माझ्या हाताकडे पाहिलं आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीनं एक टिंब काढलं. नवीन शेजारणीची ओळख त्यांनी अशी करून घेतली. माझं नावगाव त्यांनी चहाच्या वेळी विचारलं.

ती टिंबं म्हणजे आपांची सगळी संपादनपद्धती. अंकासाठी आलेली प्रत्येक भयकथा त्या आमच्यापुढे मोठ्यानं वाचायच्या आणि एक डोळा आमच्या हातांवर ठेवायच्या. वाल सोलणारा हात आपोआप चालतो. दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, साल इकडे, डाळिंबी तिकडे. जिथे हात थांबला तिथे टिंब. सबंध कथेत एकही टिंब पडलं नाही तर कथा साभार परत, मग लेखक कितीही मोठा असो. तोंडानं माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. शेजारधर्म म्हणून छान म्हणतो, लेखक ओळखीचा म्हणून वाहवा करतो. हाताला ही सभ्यता जमत नाही. नावाजलेले लेखक फोन करून विचारायचे, की नक्की काय आवडलं नाही? आपा शांतपणे उत्तर द्यायच्या, "हात थांबला नाही हो."

विज्ञानकथेची कसोटी वेगळी होती. ती ऐकून हात थांबला नाही तरी चालायचं, पण दुसऱ्या दिवशी एका तरी बाईनं येऊन काहीतरी विचारलं पाहिजे. मंगळावर मीठ मिळतं का, यंत्रमाणसाला सुतक असतं का, काहीही. प्रश्न आला की कथा पास.

वाल यायचे बेलपाड्याच्या हिराकाकूकडून. खारघरचे उंच मनोरे तिच्या गावाच्या चारी बाजूंनी उठले, पण हिराकाकूचं घर आणि तिचं सोललेलं बिरडं विकणं चालूच राहिलं. पनवेलच्या बाजारात तिची बसायची जागा होती. सोलायचं काम किचकट, एकटीला उरकत नाही, म्हणून ती दुपारी बोचकं घेऊन आपांकडे यायची. आम्ही तिचे वाल सोलायचो आणि आपांना आमचे हात मिळायचे. त्यात हिराकाकूचा हात सगळ्यांत निबर. बाई कशालाच घाबरायची नाही. "मना कशाचा भ्याव? आमच्या गावान समद्या भुतांची नावं मना म्हाईत हायेत," असं म्हणून ती भराभर सोलत राहायची. म्हणून तिचा हात थांबला की ती कथा अंकाच्या पहिल्या पानावर जायची. हा अलिखित नियम होता.

या नियमानं एकदा चांगलाच घोटाळा केला. एका वर्षी एक अत्यंत रटाळ कथा आली. पडक्या विहिरीतून हाका येतात आणि शेवटी कळतं की ते बेडूक होते, असा काहीतरी प्रकार. आम्ही सगळ्या पेंगत होतो. आणि तेराव्या की चौदाव्या पानावर हिराकाकूचा हात थांबला. चांगला बराच वेळ थांबला. आपांनी टिंब काढलं, स्वतःला पटत नसताना कथा पहिल्या पानावर छापली, आणि मग वाचकांचे जे फोन सुरू झाले ते विचारू नका. आपा हबकल्या. पद्धत कशी चुकेल? त्यांनी तो उतारा घेऊन पुन्हा वाचला, त्यात दडलेलं भय शोधलं, मला शोधायला लावलं. संपादकीयात त्याचं समर्थन करायलाही त्या निघाल्या होत्या. शेवटी मी हिराकाकूलाच सरळ विचारलं, की बाई, तुझा हात त्या दिवशी का थांबला होता? तिनं थोडं आठवलं आणि म्हणाली, "दान्यान किडा व्हता."

आपा इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पुढच्या अंकात त्यांनी ही सगळी हकिगत जशीच्या तशी छापली, वाचकांची माफी मागितली, आणि तेव्हापासून वाचनाला बसण्याआधी वाल निवडून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली.

लेखकांना त्या फार छळायच्या, पण प्रेमानं. अमावास्या, घुबड, आपोआप उघडणारा दरवाजा आणि पांढरी साडी यांना अंकात बंदी होती. भूत दुपारी तीन वाजता यायला पाहिजे, लोक जेवून पडलेले असताना, असा त्यांचा आग्रह. रात्री कुणीही घाबरतं, त्यात लेखकाचं काय कर्तृत्व? अंतराळकथा आली की पहिला प्रश्न जेवणाचा. एका पुण्याच्या तरुण इंजिनिअरनं मोठी कथा पाठवली होती. यान निघालंय, पिढ्यान्‌पिढ्या प्रवास चाललाय, इंजिनाचं वर्णनच पाच पानं. आपांनी त्याला फोन लावला आणि विचारलं, की यानात भात कोण लावतं? तो म्हणाला, ते लोक गोळ्या खातात. आपा म्हणाल्या, "बेटा, गोळ्या खाणारी माणसं भांडतात कशावरून?" त्यानं रागानं फोन ठेवला. महिन्याभरानं कथा परत आली. आता तिच्यात एक मुदपाकखाना होता आणि यानातला शेवटचा तांदूळ कुणी शिजवायचा यावरून दोन कुटुंबांचं वैर होतं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या तीन बायका प्रश्न घेऊन आल्या. तो इंजिनिअर मग दर ईदला आपांना फोन करायचा.

परग्रहावरचे लोक नेहमी अमेरिकेत उतरतात याचा तर त्यांना मनापासून राग होता. गच्चीवर कपडे वाळत घालताना कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. त्याच्याकडे बोट करून त्या म्हणायच्या, की इतकी चांगली खूण आहे, वरून लगेच दिसते, हमरस्ता शेजारी, इथे उतरायला त्यांना काय अडचण आहे? मग तिथल्या तिथे ठरवायच्या, की उतरले तर आधी अभयारण्यातल्या पक्ष्यांशी बोलतील, सहलीला आलेल्या माणसांशी नंतर. अशा वेळी त्यांचे कपडे बादलीतच राहायचे आणि मी ते वाळत घालायची.

माणूस म्हणून त्या साध्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा कुवेतला नोकरी करून परत येऊन वारलेला, एकुलता एक मुलगा इम्रान मस्कतला. पाच वेळची नमाज कधी चुकली नाही. नात्यातल्या काही जणांना हा भुताटकीचा उद्योग पसंत नव्हता, ते अधूनमधून बोलून दाखवायचे. आपा ऐकून घ्यायच्या, शिरखुर्मा वाढायच्या आणि अंक हातात द्यायच्या. जिन्नाची कथा मात्र त्या कधी छापायच्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ते खरे असतात गं. खऱ्याची गोष्ट करून कशाला दुखवा?" आणि ही सगळी भुतं पोसणारी बाई पालीला घाबरायची. पाल दिसली की खुर्चीवर चढून हिराकाकूला हाक मारायची.

अंक काढायची हौस कुठून आली, हे त्यांनी मला एकदा तळ्याकाठी फिरताना सांगितलं. लहानपणी असल्या गोष्टींचे अंक यायचे, आणि नवा अंक येण्याच्या दिवशी त्या शाळा सुटल्यावर एसटी स्टँडवरच्या स्टॉलपाशी जाऊन उभ्या राहायच्या. गठ्ठा सोडताना बघायचा म्हणून. पुढे ते अंक एकेक करून बंद पडले. निवृत्त झाल्यावर एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला कशाचीच वाट बघायची राहिली नाहीये. "मी घाबरले, सुनंदा. भुतानं घाबरत नाही तशी घाबरले," असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच अंक काढला.

त्यांच्या गळ्यावरची गाठ आधी दिसली हिराकाकूला. वाल मोजून परातीत ओतता ओतता ती म्हणाली, "आपा, तुजा गला फुगलाय का गो?" आपांनी ओढणी सारखी केली आणि वाचायला घेतलं. पण मी हट्टाला पेटले, तपासण्या झाल्या, आणि ती थायरॉइडची गाठ काढावीच लागेल, लवकर काढावी लागेल, असं निघालं. डॉक्टरांपुढे आपांनी एकच प्रश्न विचारला, की मोठ्यानं वाचता येईल ना? डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. आवाजाची नस गाठीला अगदी खेटून आहे. बहुतेकांचा आवाज परत येतो. पण तुमचा येईलच असं लिहून देत नाही.  परतीच्या वाटेवर रिक्षावाल्याला आपांनी एकही गोष्ट सांगितली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की दिवाळी अंक निघू दे, मग बघू. दिवाळी तीन महिन्यांवर होती. इम्राननं फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं, की अम्मी, अंक बंद कर आणि इकडे ये. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मग आपांचं आणि माझं भांडण झालं, चांगलं दणदणीत.

"आवाज गेला तर मी कोण?" त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी वाचणाऱ्या म्हाताऱ्या घरोघरी आहेत."

"आणि तुम्हीच गेलात तर अंक कोण काढणार, भूत?" मी म्हटलं. मला इतका संताप आला होता की काय बोलते ते कळत नव्हतं.

 मला वाटलं आपा दुखावल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा भाव आला, कथा सापडल्याचा. संपादक मेलेली आहे आणि अंक वेळेवर निघतो आहे, यात दम आहे, असं त्या पुटपुटल्या. आणि मग एकदम शहाण्यासारखं म्हणाल्या, की पुढच्या महिन्याची तारीख घेऊ.

तो मधला महिना मी विसरणार नाही. आपांनी दिवाळी अंकाच्या सगळ्या कथा ऑपरेशनच्या आधी वाचून संपवायचा सपाटा लावला. रोज दुपारी दोन-तीन कथा. हिराकाकूला वाल पुरवता पुरेनात, तिनं पुतण्याला जास्तीचे आणायला पिटाळलं. आमची नखं काळी पडली. इमारतीतल्या प्रत्येक घरात रोज बिरडं, माझा जावई फोनवर विचारायचा, की आज काय, वालच का? आणि आपांचा आवाज त्या महिन्यात असा लागला होता की शेवटच्या मजल्यावरचे पुरुषही जिन्यात येऊन बसायचे. त्यांना वालांची परात दिली की ते मुकाट्यानं सोलायचे.

एकच कथा राहिली, आणि नेमकी तीच मुख्य. उरणजवळच्या करंजाच्या जयश्री कोळी नावाच्या शिक्षिकेची ही पहिलीच कथा होती. आपांनी तिच्याशी फोनवर बोलून, कथा लिहून व्हायच्या आधीच 'पुढील अंकात' तिची जाहिरात छापून टाकली होती. जयश्रीबाई बिचाऱ्या दडपणानं लिहीत होत्या, खोडत होत्या. ऑपरेशनचा दिवस आला तरी कथा आली नाही. आपांनी ऑपरेशनला आत जाताना मला बजावलं, की ती आली की हात बघ.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. आवाजाला पूर्ण विश्रांती, कुजबुजायचंही नाही, असं सांगून त्यांना घरी सोडलं. आणि दोन दिवसांत कथा आली, छापखानाही घाई करू लागला. तेव्हा वाचायला बसले मी. माझं वाचन म्हणजे विम्याच्या अटी वाचल्यासारखं, सगळं एका पट्टीत. आपांना नुसतं बसवेना, म्हणून त्यांनी हिराकाकूकडून एक परात ओढून घेतली. इतक्या वर्षांत त्यांनी वाल कधी सोलला नव्हता. त्यांना जमेना. दाणे चेपायचे, उडून जायचे, हिराकाकू रागवायची. पण थोड्या वेळानं लय लागली.

कथा करंजाच्या बंदरावरची होती. पहाटे मासळीचा लिलाव चाललाय. लोक बोली लावताहेत, आणि प्रत्येक वेळी वरचढ बोली मागून येते, पाण्याच्या बाजूनं. आधी कुणी लक्ष देत नाही. लिलाव करणारा म्हातारा नियमाप्रमाणे बोली वाढवत जातो. मी माझ्या रुक्ष आवाजात वाचत होते. "म्हाताऱ्यानं खाली टोपलीत पाहिलं. टोपली केव्हाच रिकामी झाली होती. मग बोली कशावर चालली होती?"

मी सवयीनं मान वर केली. आपांचा हात थांबला होता. वाल चिमटीत, डोळे माझ्याकडे, तोंड किंचित उघडं. आयुष्यभर दुसऱ्यांना गोष्टी सांगितलेल्या त्या बाईला कुणी बहुधा पहिल्यांदाच गोष्ट सांगत होतं. पेन्सिल त्यांच्या खुर्चीवर पडली होती आणि ती उचलायचं कुणाला सुचेना. शेवटी हिराकाकू उठली. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं पेन्सिल घेतली, माझ्याजवळ येऊन विचारलं, "कुटं?" मी ओळीवर बोट ठेवलं आणि तिनं जोर लावून कागदाला भोक पडेल असं टिंब काढलं.

अंक वेळेवर छापायला गेला. आवाज मात्र आला नाही. विश्रांतीचे दिवस संपले, व्यायाम सुरू झाले, डॉक्टर म्हणत होते धीर धरा, पण आपांच्या तोंडून निघायची ती खरखरीत हवा, आणि मध्येच एखादा शब्द. त्यांनी प्रयत्न सोडून दिला. इशाऱ्यांनी काम चालवू लागल्या. त्याच सुमारास इमारत पुनर्विकासाला द्यायचं पक्कं झालं, सगळ्यांना जागा रिकाम्या करायच्या होत्या. मी ठाण्याला लेकीकडे जाणार होते. इम्रान आईला न्यायला आला आणि त्या नाही म्हणाल्या नाहीत. मुद्रितं तपासताना मी पाहिलं, की शेवटच्या पानावर चौकटच नव्हती. मी त्यांना विचारलं, तर त्यांनी फक्त हात हलवला. इतक्या वर्षांत आपांना कशाचीच वाट न बघताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते त्या गाठीपेक्षा भयंकर वाटलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते अंक आला त्या दुपारी. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. खोलीभर खोकी, इम्रान दोऱ्या बांधत होता. छापखान्याचा माणूस गठ्ठा दारात ठेवून गेला. नवा अंक आला की त्यातलं पहिलं पान वाचायचं, असा आपांकडे रिवाज होता, म्हणून आम्ही सगळ्या जमलो होतो. जयश्रीबाईही करंजाहून सुके बोंबील घेऊन आल्या होत्या आणि स्वतःची कथा छापलेली बघून घाम पुसत होत्या. वाचायचं मीच, हे ठरलेलं होतं. मी चष्मा लावला, अंक उघडला. आणि आपांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

त्या वाचू लागल्या. आवाज कसला, सुकलेली झावळी अंगणातून कुणी ओढत न्यावी तसा खरखराट. भिंतीपाशी बसलेल्यांना ऐकू येईना, म्हणून सगळ्या पुढे सरकल्या, अजून पुढे, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. करंजाचं बंदर, पहाट, लिलाव. आपा थांबत होत्या, श्वास घेत होत्या, शब्द अर्धवट तुटत होते, आणि प्रत्येक तुटलेल्या शब्दाला पुढे काय येणार म्हणून आम्ही त्यांच्या ओठांकडे बघत होतो. पाण्याच्या बाजूनं पहिली बोली आली. ती आपांनी उच्चारली मात्र, आणि जिनं ती लिहिली होती त्या जयश्रीबाई दचकून मागे सरकल्या. भर दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता, आणि हिराकाकूनं माझा दंड घट्ट धरला होता. "आपा, बास कर गो," ती म्हणाली. "मना भ्याव वाटतंय."

आपांनी वर पाहिलं. आमच्या एकेकीच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली. त्यांना आधी कळलंच नाही काय झालं ते. मग कळलं. त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या, बिनआवाजाचं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी येऊन त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, "सुनंदा, इतकी वर्षं मी चुकीच्या आवाजात वाचत होते गं."

माझ्या अंगावर काटा आला आणि मला रडूही आलं, दोन्ही एकदमच. आपांनी ओढणीनं डोळे पुसले, घोटभर पाणी घेतलं, हिराकाकूला गप्प बसायची खूण केली, आणि पान उलटलं.